आईच्या गाडीचं तेल

आमच्या घरी गाडी आईची. वडिलांना चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. ते वकील, डाव्या सीटवर मांडीवर फायली घेऊन बसायचे आणि अमरावतीच्या कोर्टाच्या फाटकाशी उतरताना "बरं" एवढंच म्हणायचे. आई तिथून तशीच पुढे वलगावला, तिच्या शाळेत. बार्शीटाकळीच्या शेतकऱ्याची ही पोर. लग्नाआधी ट्रॅक्टरवर हात बसलेला. आमची ती लहानशी पांढरी पेट्रोलची गाडी तिच्यापुढे म्हणजे किस झाड की पत्ती. सासरच्या पुरोहित-वकिलांच्या घराण्यात तोवर कुणी सायकलची चेनसुद्धा बसवली नव्हती. चेन उतरली की आमच्याकडे सायकल हातात धरून चालत येत.

गाडीचं तेल आई वर्षातून एकदा बदलायची, नवरात्रात, अष्टमीला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा. हत्यारं म्हणजे वडिलांची पेनं आणि कायद्याची पुस्तकं, विळी, आणि आईचे पाने. एकदा पूजेला मांडलं की दसरा उजाडेपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. म्हणून तेलाचं काम अष्टमीलाच उरकायचं. किती किलोमीटर झाले, हा प्रश्न नव्हताच. मीटरची तार मी शाळेत असतानाच तुटली होती आणि ती बसवावी असं कुणालाही वाटलं नाही.

तो दिवस अजून जसाच्या तसा दिसतो. आई साडीवर वडिलांचा जुना, कॉलर विरलेला कोर्टाचा शर्ट चढवायची. पुढची चाकं लाकडी फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या, की गोणपाट अंथरून ती गाडीखाली जायची. मग नुसता आवाज यायचा. "सतराचा पाना दे." "घमेलं सरकव." "अबे, तिकडून नाही, इकडून!" वडील पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसत आणि थोड्या थोड्या वेळानं विचारत, "झालं का गं?" खालून उत्तर यायचं, "तुमच्या कोर्टापेक्षा लवकर होते!" नट निघाला की गरम काळं तेल लोखंडी घमेल्यात पडायचं आणि सगळ्या पोर्चभर त्याचा वास सुटायचा. मला तो वास फार आवडायचा. अजून आवडतो. माझी बायको म्हणते, तुमच्या घरातल्या लोकांचं नाकच वेगळं आहे.

निघालेलं तेल आई डब्यात भरून बार्शीटाकळीला मामाकडे पाठवायची. कुंपणाच्या लाकडी खांबांना ते चोपडलं की वाळवी लागत नाही. फुकट काही जात नसे. गॅरेजला मात्र ती गाडी देत नसे. एकदाच दिली होती, तेव्हा त्या माणसानं तेलाचा नट असा काही आवळला की त्याचे आटेच गेले. तेव्हापासून तिचं एकच: "माह्या गाडीच्या पोटाले मीच हात लावीन."

वडील गेले. मी बँकेच्या नोकरीत अकोल्याला स्थिरावलो, बहीण पुण्याला. आई निवृत्त होऊनही एकटीच अमरावतीला राहिली, गाडी चालवत. दर रविवारी आमचा फोन. "कुठं गेली होती या आठवड्यात?" मी विचारायचो आणि ती सांगायची. रिद्धपूरला तिची शाळेतली जुनी मैत्रीण राहते, तिच्याकडे गेली होती. वाटेत संत्री घेतली, आंबट निघाली. रस्त्याचं काम काढून ठेवलंय मेल्यांनी. मला त्या हकिकती ऐकायला फार बरं वाटे. सत्तरी ओलांडलेली आई खिडकीच्या काचा खाली करून रिद्धपूरच्या रस्त्यानं चालली आहे, हे चित्र डोळ्यांसमोर असलं की माझा रविवार चांगला जायचा.

मागच्या वर्षी अष्टमीला ती गाडीखाली गेली, तेल काढून नट बसवला, आणि मग तिला बाहेर येता येईना. गुडघे वळेनात. शेजारच्या काकूंनी आणि त्यांच्या सुनेनं गोणपाटासकट ओढून काढलं. आईनं हे मला सांगितलंच नाही. काकूंनी बहिणीला सांगितलं आणि बहिणीनं मला, तेही असं, की जणू मीच आईला गाडीखाली ढकललं होतं.

"दादा, आता पुरे झालं," ती म्हणाली. "गाडी विका आणि आईला अकोल्याला घेऊन जा. आईच म्हणाली होती ना, ज्या वर्षी माझ्या हातानं तेल बदलता येणार नाही त्या वर्षी गाडी बंद?"

आई तसं म्हणाली होती खरी. ऐन भरात असताना माणूस काहीही बोलून जातो. पण माझी बहीण वडिलांवर गेली आहे, बोललेला शब्द ती पुराव्यात जमा करते. माझं म्हणणं वेगळं होतं. जी बाई अजून एकटी रिद्धपूरला गाडी घेऊन जाते तिला उचलून अकोल्याच्या आमच्या दोन खोल्यांत आणून बसवायचं कशासाठी? या घरात तिची झाडं आहेत, ओळखीचा दवाखाना आहे, तिला हाक मारणारी गल्ली आहे. "ती गाडी चालवते तोवर तिला हलवायचं नाही," मी आईच्या घरूनच तिला फोनवर ठणकावून सांगितलं. बहीण म्हणाली, ठीक आहे, पुढच्या नवरात्रात तेल कोण बदलतं ते बघू.

म्हणजे आईचं घर टिकणं आता त्या तेलावर येऊन ठेपलं. मी पेटलोच. गाडीखाली न जाता, उभ्या उभ्या, आईच्याच हातानं तेल बदललं गेलं पाहिजे. शोधता शोधता कळलं की त्याचा पंप मिळतो. इंजिनातलं तेल मोजायची जी लांब पट्टी असते ना, डिपस्टिक, ती काढायची, त्याच भोकातून बारीक नळी तळापर्यंत सोडायची आणि वरून तेल ओढून घ्यायचं. खालच्या नटाला हात लावायचं कामच नाही.

अकोल्याच्या दुकानात आधी मला मोठ्या इंजेक्शनासारखी एक पिचकारी दाखवली. ब्रेकचं तेल काढायला ती ठीक. इंजिनचं काढायचं तर दिवाळी उजाडली असती. मग बॅटरीवर चालणारा पंप पाहिला. दिसायला देखणा, पण घट्ट तेल ओढताना तापतो, आणि आईच्या गाडीची बॅटरी आधीच म्हातारी. शेवटी हातपंपाचा डबा घ्यायचं ठरवलं: वर दांडा, तो पंधरा-वीसदा वरखाली केला की डब्यातली हवा निघून जाते आणि मग तेल आपोआप ओढलं जातं. गाडीत तेल जेवढं असतं त्यापेक्षा डबा मोठा हवा, नळी गरम तेलानं मऊ पडायला नको, आणि भोकातून जाईल एवढी बारीक हवी. भोकाचं माप आईला फोनवर विचारलं. "बॉलपेनची रिफिल आरामात जाते," ती म्हणाली, "पेन जात नाही." एवढं नेमकं माप मला दुकानदारानंही दिलं नव्हतं.

डबे दोन तऱ्हांचे होते. एक काळा, मजबूत. दुसरा पांढुरका, आरपार दिसणारा, बाजूला लिटरच्या खुणा असलेला. मी आरपारचा मागवला. आईचा या यंत्रावर विश्वास नव्हता. "वरून ओढशीन तं गाळ खालीच राहीन," ती म्हणायची, "जवसाच्या तेलाची बरणी पाह्यली नाही का कधी?" मी तिला समजावलं की इंजिन थोडं गरम केलं की गाळ तेलात मिसळतो, नळी पार बुडाशी टेकते. ती म्हणाली, "पाहू." तर म्हटलं, डोळ्यांनी दिसू दे तिला, किती निघालं ते. "कायले एवढा खर्च करतो?" हेही ती चार वेळा म्हणाली. मला वाटलं, नेहमीचंच.

पंप यायला उशीर झाला आणि माझी अष्टमी हुकली. खंडेनवमीला सकाळी अकरा वाजता मी खोकं घेऊन घरी पोचलो, तर आईनं पूजा मांडलेली. पाट, पाटावर वडिलांची पेनं, विळी, सतराचा पाना. मी खोकं उघडलं मात्र, आईनं पंप माझ्या हातातून घेतला आणि पाटावर ठेवला.

"अगं, आज तेल काढायचं आहे!"

"नवं हत्यार पूजेच्या दिवशी घरात आलं, अन् त्याले तसंच वापरू?" तिनं पंपाला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, वरून अक्षता टाकल्या. झालं. आता उद्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. संध्याकाळच्या गाडीनं परतायचं ठरवून आलेला मी मुकाट्यानं बायकोला फोन केला.

ती संध्याकाळ मात्र छान गेली. अंबादेवीच्या देवळाच्या बाजूला गर्दी म्हणून आम्ही घरीच बसलो. आईनं पाटोडी केली, बेसनाच्या वड्यांचा रस्सा, वर कच्चं तेल. मी बऱ्याच वर्षांनी त्या घरात असा निवांत जेवलो. जेवताना वडिलांच्या गोष्टी निघाल्या; गाडी पहिल्यांदा घरी आली तेव्हा त्यांनी चाकाखाली ठेवायला लिंबं आणायची सोडून लिंबाचं लोणचं आणलं होतं, ती गोष्ट आईनं पुन्हा सांगितली आणि आम्ही दोघंही पुन्हा तेवढेच हसलो.

दसऱ्याच्या सकाळी मी चहा घेतोय तोवर आई पदर खोचून पोर्चमध्ये. "तू आंघोळ कर निवांत," ती म्हणाली, "मी करून टाकतो." मी बरा सोडतोय! इतके महिने मी या क्षणासाठी बहिणीशी भांडलो होतो. गाडीवरचं कापड काढलं. आईनं इंजिन चालू केलं. पहिल्याच किल्लीला लागलं. थोडं गरम होऊ दिलं, बंद केलं. डिपस्टिक तिनं काढली, काढता काढताच पदराआड फडक्यानं पुसलीही. मी नळी सोडली, बुडाशी टेकल्याचं हाताला कळलं. "हाण आता," मी म्हणालो. आईनं दांडा वरखाली केला. पंधरा, वीस, पंचवीस वेळा. डब्यात थेंब नाही.

"पाह्य," आई म्हणाली. तिच्या आवाजात मला चक्क समाधान ऐकू आलं.

मी तापलो. दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नळी बाहेर काढली, पुन्हा घातली, झाकण आवळलं, पुन्हा हाणलं. काही नाही. शेवटी सगळे जोड सोडवून डब्याकडच्या नळीत फुंकर मारली, तर आतून टुणकन एक पिवळा दाणा उडाला आणि आईच्या पायापाशी पडला. अक्षत! पूजेतला तांदूळ नळीच्या तोंडात जाऊन बसला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि इतके हसलो की काकू भिंतीवरून डोकावल्या. नव्या यंत्राला तांदूळ चारून उपाशी ठेवणारे आम्हीच.

जोड बसवले. या वेळी दांडा मीच हाणला. नळीतून काहीतरी सरकताना दिसलं आणि डब्यात धार लागली. मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात माझं लक्ष रंगाकडे गेलं.

आमच्या घमेल्यात दर वर्षी डांबरासारखं तेल पडायचं. घमेलंही काळं, त्यात सगळं काळंच दिसे. आणि इथं, आरपार दिसणाऱ्या डब्यात, मधासारखं तेल जमत होतं. डबा भरत चालला तरी पलीकडची माझी बोटं दिसत होती. वर्षभर चाललेल्या गाडीचं तेल असं नसतं. एवढं मला, गाडीखाली कधीच न गेलेल्या मलाही कळत होतं.

"आई, हे तेल तं नवंच हाय."

"चांगलं तेल टाकलं होतं मागच्या वर्षी."

"आई."

ती पोर्चच्या कठड्यावर बसली. फडकं मांडीवर ठेवून त्याच्या घड्या घालू लागली. डब्यात धार चालूच होती.

"दिवाळीपासून गाडी बाहेर नेली नाही मी," ती म्हणाली. "दर रविवारी नुसती चालू करतो इथंच. डावा पाय बधिर झाला. क्लच दाबला का नाही तेच समजत नाही. भाजीवाल्यापाशी थांबवली तं क्लच सुटला अन् गाडी उसळली. मेथीवर गेली त्याच्या. माणूस वाचला."

मी डब्याकडे बघत राहिलो. वर्षभर मला बसस्टँडवर सोडायला ती आली नव्हती. "कोपऱ्यावर आटो असते, पेट्रोल कायले जाळतो," म्हणायची. मला ते खरंच काटकसरीचं वाटलं होतं.

"अन् रिद्धपूर?"

"एक डाव यष्टीनं गेली होती." फडक्याची घडी मोडत ती म्हणाली, "बाकीचं सांगत होती तुले."

"संत्री?"

"इथंच घेतली. आंबट होती, ते खरं हाय."

मला राग आला. खोटं बोलली म्हणून आला, माणूस वाचला हे आत्ता कळतंय म्हणून आला, आणि मी इतका भोळा कसा म्हणूनही आला. "काहून पण?" मी जवळजवळ ओरडलोच. "माह्याशी काहून खोटं बोलली? मी तुह्याच बाजूनं होतो ना!"

"तूच तं म्हणे," ती शांतपणे म्हणाली, "आई गाडी चालवते तोवर तिले हलवायचं नाही. माह्यासमोर फोनवर बोलला तू बहिणीशी. मी आयकलं. मंग? गाडी बंद झाली असं सांगू तं तुमी मले उचलून न्यान." फडक्याची घडी तिनं पुन्हा मोडली. "तुमी दोघं भांडले गाडीसाठी. मले इचारलं कोणी, का तुले काय पाह्यजे?"

नाही विचारलं. बहिणीनं नाही आणि मीही नाही. मी तिच्या बाजूनं लढतोय या गुर्मीत असताना तिचं राहणं मीच त्या गाडीला बांधून टाकलं होतं, आणि ते टिकावं म्हणून ही बाई दर रविवारी मला न गेलेल्या रस्त्यांच्या गोष्टी सांगत होती.

"पाय बधिर झाला माहा, डोकं नाही," आई म्हणाली. "दवाखान्यात आटोनं जातो. भाजी दारावर येते. काकूची सून रोज डोकावते. गाडी घेऊन जाय तू. मले नको नेऊ."

हे शेवटचं ती मागितल्यासारखं बोलली. आईनं माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी उगाच दांडा हाणत राहिलो, डब्यात नुसती हवा येत होती तरी.

ती उठली आणि तिनंच नळी काढली. "निघालं सगळं," म्हणाली. मग नरसाळं लावून नवं तेल तिनं स्वतःच्या हातानं ओतलं, थांबून थांबून, पट्टी दोनदा पुसून पाहत. बॉनेट बंद करायला मात्र मला सांगितलं.

मी तिच्यासमोरच बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं, मेथीसकट. ती बराच वेळ बोलली. तिचंही काही चुकीचं नव्हतं, काळजीच होती. शेवटी मी म्हणालो, "गाडी मी नेतोय. आई इथंच राहणार आहे. तिचं ती जेव्हा म्हणेल तेव्हा बघू, आपण म्हणायचं नाही." मग तिनं आईला फोन द्यायला सांगितला आणि आई फोन घेऊन आत गेली. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी गल्लीत सोनं वाटून झालं. आईच्या हातात आपट्याची पानं मावेनात. लहानथोर सगळे वाकून जात होते आणि ती प्रत्येकाचं नाव घेऊन विचारपूस करत होती. मी गाडी फाटकाबाहेर काढली तेव्हा ती कुणाच्या तरी बाळंतपणाची चौकशी करत होती. तिनं मला हात केला आणि परत तिकडे वळली.

बडनेरा मागे पडेपर्यंत मी नीट होतो. मग मूर्तिजापूरच्या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन रडलो. ज्या सीटवर बसून वडील आयुष्यभर कोर्टात गेले ती माझ्या शेजारची सीट रिकामी होती. बहिणीचं ऐकलं असतं तर त्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन आई बसली असती, मुकाट, खिडकीबाहेर बघत. ती तिथं नव्हती, आणि त्याचाच मला आनंद होता.